स्थानिक संस्थांनी स्वतःचं उत्पन्न वाढवायचं कसं? दर वाढवणं सोडून काही मार्ग आहे का?

जमाखर्च:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न आहे, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. ग्रामपंचायत असो, नगरपालिका असो नाहीतर मोठी महापालिका, आणि देश कुठलाही घ्या, अवस्था सगळीकडे सारखीच दिसते. पाणी, कचरा, गटारं, दिवे, रस्ते ही रोजची कामं सगळी यांच्या गळ्यात आणि पैसा मात्र वरून यायचा. तो येतो उशिरा, आणि आला तरी अमुक कामालाच वापरा असा शिक्का मारून येतो. म्हणजे पाइप फुटलेला असतो आणि निधी आलेला असतो सुशोभीकरणाचा.

आम्ही काही जण मिळून या विषयावर सोप्या भाषेत एक टिपण तयार करतोय. जेवढं वाचलं त्यात फिरून फिरून तीनच उपाय सापडले, कर वाढवा, जागा विका, कर्जरोखे काढा. पहिल्याला लोकांचा विरोध, दुसरं एकदाच करता येतं, आणि तिसरं शेवटी व्याजासकट फेडायचंच असतं. मला खरंच जाणून घ्यायचंय की कुठे काय चाललं, कुठे फसलं आणि का फसलं. कुठल्या एका गावाबद्दल विचारत नाहीये, एकूणच विचारतोय. कोणी या खात्यात काम केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

जुनी नोंदवही:
मी कर आकारणीत आयुष्य काढलंय, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

दर हा सगळ्यात शेवटचा विषय आहे हो. आधी हे बघा की नोंदवहीत किती मालमत्ता आहेत आणि जमिनीवर प्रत्यक्षात किती आहेत. कल्पनेतलं उदाहरण देतो. सगळं नीट चाललं तर १०० रुपये यायला हवेत असं धरा. नोंद फक्त ६० टक्के मालमत्तांची, म्हणजे राहिले ६०. त्यांचं मूल्यांकन जुनं, खऱ्या किमतीच्या निम्मं, म्हणजे ३०. बिलं पोचतात १० पैकी ८ घरांत, म्हणजे २४. आणि पोचलेल्या बिलांपैकी १०० पैकी ६० भरली जातात, म्हणजे हातात आले १४ रुपये आणि वर काही पैसे. आता सभेत ठराव करून दर १० टक्क्यांनी वाढवला तर मिळणार दीड रुपया, आणि तोही त्याच माणसांकडून जी आधीच भरतायत. म्हणजे प्रामाणिक माणसाला दंड. याउलट नोंद ६० वरून ९० वर नेली तर १४ चे साडेएकवीस होतात आणि आधी भरणाऱ्या एकाही माणसाचं बिल वाढत नाही. हे गणित मी किती वरिष्ठांना कागदावर मांडून दाखवलं असेल. सगळे मान डोलवायचे आणि शेवटी दरवाढीचाच प्रस्ताव जायचा, कारण दरवाढ एका बैठकीत होते आणि सर्वेक्षणाला दोन वर्षं घाम गाळावा लागतो.

सिएरा लिओनच्या राजधानीचं, फ्रीटाउनचं उदाहरण तुमच्या टिपणात जरूर घ्या. तिथे महापौर इव्हॉन अकी-सॉयर यांच्या काळात, २०२० च्या सुमारास, उपग्रहावरून घेतलेल्या फोटोंवरून इमारती मोजल्या तेव्हा नोंदवहीतल्या मालमत्ता जवळपास दुप्पट झाल्या. मूल्यांकनासाठी प्रत्येक घरात मूल्यांकनकार पाठवायला ना पैसा होता ना माणसं, म्हणून त्यांनी गुण देण्याची पद्धत काढली. छप्पर कशाचं, भिंती कशाच्या, रस्ता दारापर्यंत येतो का, वस्ती कुठली, अशा बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींना गुण आणि गुणांवरून कर. त्यामुळे साध्या घरांचा कर उतरला आणि बंगल्यांचा चांगलाच वाढला. अर्थात गडबडही झाली, केंद्र सरकारने मध्येच वसुली थांबवायला लावली होती, पुढे पुन्हा सुरू झाली. ज्यांचा कर वाढतो त्यांचा आवाज मोठा असतो हे धरूनच चालायचं.

घानामध्ये एक प्रयोग झाला होता, काही वसुली कर्मचाऱ्यांना नकाशासकट टॅबलेट दिले आणि काहींना नेहमीसारखे कागद. टॅबलेटवाल्यांनी बिलं वाटली पाव पटीने जास्त पण वसुली झाली दुपटीच्या आसपास, कारण पैसे कोण देऊ शकेल ते शोधायला त्यांना वेळ मिळाला. पण त्याच प्रयोगात लाच मागण्याचे प्रकारही वाढले, तेही लिहा. नुसतं यंत्र आणलं आणि पावती, तपासणी, तक्रारीची सोय नसली तर जास्तीचा पैसा वाटेतच मुरतो.

काळानुसार:
वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त मूल्यांकनाचा मुद्दा त्यांनी एका ओळीत उरकला आणि माझ्या मते खरा रोग तिथेच आहे.

फेरमूल्यांकन कोणालाच नको असतं. एकदा पुढे ढकललं की दरवर्षी ते जास्त अवघड होत जातं, कारण खऱ्या आणि कागदावरच्या किमतीत जेवढं अंतर पडेल तेवढा करताना बसणारा झटका मोठा. इंग्लंडमध्ये आजही कौन्सिल टॅक्सचे, म्हणजे तिथल्या घरपट्टीचे, गट १९९१ च्या किमतींवर ठरलेले आहेत. त्यातही सगळ्यात वरच्या गटाला सगळ्यात खालच्या गटाच्या फक्त तिप्पट कर, मग घराच्या किमतीत कितीही पटींचा फरक असू दे. जर्मनीत तर त्याहून वाईट होतं, पश्चिम भागात १९६४ ची मूल्यं आणि पूर्व भागात १९३५ ची. शेवटी २०१८ मध्ये त्यांच्या घटनात्मक न्यायालयाने सांगितलं की ही असमानता चालणार नाही, आणि नवा हिशोब लागू व्हायला २०२५ साल उजाडलं. इतक्या शिस्तीच्या देशात ही गत.

आणि कॅलिफोर्निया. १९७८ मध्ये तिथे लोकांनी मतदान करून मालमत्ता कर किमतीच्या १ टक्क्यावर बांधला, आणि मालमत्ता विकली जाईपर्यंत करासाठीची किंमत वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही असा नियम केला. लोकांचा राग खोटा नव्हता हे आधी मान्य करायला हवं, घरांच्या किमती भराभर वाढत होत्या आणि पेन्शनवर जगणाऱ्या माणसाचं बिल दरवर्षी उडी मारत होतं, हातात मात्र तेवढेच पैसे. पण परिणाम काय झाला, तर मालमत्ता कराचं उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून खाली आलं, शेजारशेजारच्या दोन सारख्या घरांचे कर कितीतरी पटींनी वेगळे झाले केवळ एक आधी घेतलेलं आणि दुसरं नंतर म्हणून, आणि शहरं विक्रीकरासाठी मॉलच्या मागे धावू लागली कारण घरांपेक्षा दुकानांतून जास्त मिळत होतं.

यातून मी एवढंच शिकलो की फेरमूल्यांकन ठरलेल्या वर्षी, कायद्याने बांधून, आपोआप व्हायला हवं. नगरसेवकाच्या मर्जीवर सोडलं तर निवडणूक कायम जवळच असते. आणि कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्या माणसाला घर विकायची पाळी येऊ नये म्हणून त्याचा कर साठवून ठेवून घर विकताना किंवा वारसाकडे जाताना वसूल करण्याची सोय ठेवा, अमेरिकेत आणि कॅनडात काही ठिकाणी अशी सोय आहे. ती नसली की गरिबाचं नाव पुढे करून श्रीमंताचा कर वाचवला जातो.

उंबरठ्यावरून:
मी खात्यात नाही, साधी करदाती आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. तुम्ही सगळे वसुली कशी वाढेल ते बोलताय पण माणूस भरत का नाही ते कोणी विचारलंच नाही. माझ्या आईने आयुष्यभर घरपट्टी पहिल्या महिन्यात भरली, रांगेत उभं राहून. ज्यांनी वर्षानुवर्षं भरली नाही त्यांच्यासाठी अभय योजना आली आणि त्यांची शास्ती माफ झाली. आईला काय मिळालं? तिने मला विचारलं, मी वेडी होते का गं? माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाहीये. एकदा माफी दिली की पुढच्या वेळी लोक माफीची वाट बघत बसतात, आणि वेळेवर भरणाऱ्याच्या मनात जे तुटतं ते कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

उलट उदाहरण कोलंबियाच्या राजधानीचं, बोगोटाचं. तिथले महापौर अंतानास मोकुस यांनी २००२ च्या सुमारास लोकांना विनंती केली की ज्यांना जमेल त्यांनी स्वखुशीने १० टक्के जास्त कर भरा, आणि तो कुठल्या कामाला जावा ते तुम्हीच निवडा. ६३ हजार लोकांनी भरला. शहराच्या एकूण बजेटमध्ये ती रक्कम मोठी नसेलही, पण स्वतःहून जास्त भरणारी ६३ हजार माणसं एका शहरात निघतात ही साधी गोष्ट आहे का? पैसा कुठे जातो ते दिसलं तर लोक देतात.

दुसरं, काँगोमधल्या कनांगा शहरात संशोधकांनी सरकारी खात्याबरोबर प्रयोग केले होते. एका प्रयोगात काही घरांना मालमत्ता कराचा दर कमी लावला, कुठे १७ टक्के सूट, कुठे ३३, कुठे ५०. दर कमी झाल्यावर इतके जास्त लोक भरायला लागले की एकूण वसुली वाढली. म्हणजे आधीचा दरच लोकांच्या आवाक्याबाहेर होता. दुसऱ्या प्रयोगात काही वस्त्यांत खात्याच्या माणसांऐवजी तिथल्या वस्तीच्या मुखियांनी वसुली केली आणि ती सुमारे ४३ टक्क्यांनी जास्त झाली, कारण कोणाची ऐपत आहे आणि कोणाची नाही हे मुखियाला माहीत असतं. त्यामुळे दर वाढवा हे कायम बरोबर असतं असं नाही, कधी कधी उलटंही करून बघावं लागतं.

जमाखर्च:
वा, इतक्या मनापासून लिहिताय सगळे, खूप आभार. ताई, तुमच्या आईंचा प्रश्न टिपणाच्या पहिल्याच पानावर घेऊ का? नाव न देता.

आता पुढचं विचारतो. मालमत्ता करापलीकडे काय? पाणीपट्टी, पार्किंग, विकास शुल्क, जमिनीतून येणारा पैसा, आणि ते कर्जरोखे.

उंबरठ्यावरून:
घ्या की. तिला आवडेल.

चटईक्षेत्र:
जमिनीबद्दल मी लिहितो, नगररचनेत काम करतो.

मेट्रो आली, रस्ता रुंद झाला, की आजूबाजूच्या जमिनीची किंमत वाढते. ती वाढ मालकाच्या कष्टातून आलेली नसते, सगळ्यांच्या पैशातून आलेली असते. मग तिचा काही हिस्सा परत घेणं यात अन्याय कसला? ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहराने हे फार विचारपूर्वक केलंय. ठरावीक पट्ट्यात मूळ मर्यादेपेक्षा जास्त बांधकाम करायचं असेल तर त्याचे हक्क विकत घ्यावे लागतात, आणि ते हक्क प्रमाणपत्रांच्या रूपात २००४ पासून शेअर बाजारात लिलावाने विकले जातात. भाव बाजारात ठरतो, अधिकाऱ्याच्या टेबलावर नाही, आणि मिळालेला पैसा त्याच पट्ट्यात खर्च करायचं बंधन असतं. हाँगकाँगमध्ये रेल्वे कंपनीच स्टेशनांच्या वर आणि आजूबाजूला बांधकाम विकसित करते आणि त्यातून मार्गांचा खर्च निघतो. एस्टोनिया १९९३ पासून फक्त जमिनीवर कर घेतं, इमारतीवर नाही, त्यामुळे चांगलं घर बांधलं म्हणून कर वाढत नाही आणि मोक्याची जागा नुसती अडवून ठेवणं मात्र परवडत नाही. मला हे तत्त्व मनापासून पटतं.

पण एक कळकळीने सांगतो, जमिनीचा पैसा हा एकदाचा पैसा असतो. तो पगाराला आणि रोजच्या खर्चाला वापरला की पुढच्या वर्षी आणखी जमीन विकावी लागते, आणि बांधकाम मंदावलं की सगळंच बसतं. शिकागोने २००८ मध्ये रस्त्यावरचे पार्किंग मीटर ७५ वर्षांसाठी खासगी कंपनीला दिले, सुमारे १.१५ अब्ज डॉलर एकरकमी घेऊन. शहराच्याच महानिरीक्षकांनी पुढच्या वर्षी सांगितलं की सौदा जवळपास ९७ कोटी ४० लाख डॉलरने स्वस्तात गेला. आलेला पैसा बराचसा थोड्याच वर्षांत तूट भरण्यात संपला. आणि आता शहराला स्वतःचाच रस्ता कामासाठी बंद करायचा असेल तर कंपनीला भरपाई द्यावी लागते. त्या दिवशी जन्मलेलं मूल म्हातारं होईपर्यंत करार चालणार आहे. कुठल्याही कराराची मुदत निवडून आलेल्यांच्या मुदतीपेक्षा इतकी मोठी असेल तर घाईत सही करूच नये.

नळ आणि मीटर:
पाणीपट्टीचं मी सांगतो. दर वाढवण्याआधी गळती मोजा, एवढंच. कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमध्ये, १९९३ साली शहराच्या पाण्यापैकी ७० टक्क्यांच्या वर पाणी हिशोबाबाहेर जात होतं, काही गळून, काही चोरून, काही बिलच न लागता. एक सोन चान नावाचे प्रमुख आले, त्यांनी पाइप बदलले, प्रत्येक जोडणीला मीटर लावला, चोरी पकडणाऱ्या कर्मचाऱ्याला बक्षीस आणि चोरीत सामील असलेल्याला बडतर्फी, आणि न भरणाऱ्या बड्या लोकांची जोडणी तोडली. एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी गेले तेव्हा त्यांच्यावर बंदूक रोखली गेली, तरी मागे हटले नाहीत. पुढच्या १५-२० वर्षांत हिशोबाबाहेरचं पाणी १० टक्क्यांच्याही खाली आलं. २००६ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सगळ्यात गरीब वस्त्यांना जोडणी मिळाली ती याच पैशातून. बड्यांकडून वसूल करायची हिंमत नसेल तर गरिबाच्या नळावर दर वाढवायचा नैतिक अधिकार नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

पायवाट:
एक गोष्ट कोणी काढली नाही, ती म्हणजे स्थानिक संस्थेला मुळात अधिकार कुठला आहे. स्टॉकहोमचं बघा, गर्दीच्या वेळी शहरात गाडी आणली तर पैसे. २००६ मध्ये सहा-सात महिने चाचणी घेतली, सुरुवातीला लोक विरोधात होते, रस्ते मोकळे झालेले प्रत्यक्ष बघितल्यावर सार्वमतात शहराने हो म्हटलं, २००७ पासून कायम झालं. पण कायद्याने तो कर शहराचा नाहीये, राष्ट्रीय आहे, कारण तिथल्या नगरपालिकांना आपल्या हद्दीबाहेरच्या माणसावर कर लावता येत नाही. लंडनला तो अधिकार १९९९ च्या कायद्याने मिळाला होता आणि २००३ मध्ये शुल्क सुरू झालं, म्हणून तिथे पैसा शहराच्या वाहतुकीला जातो. त्याच स्वीडनमध्ये नगरपालिका लोकांच्या कमाईवर स्वतःचा आयकर घेतात, तोही स्वतः दर ठरवून. कोणाला काय लावता येतं हे आधी समजून घ्या, नाहीतर टिपणात सुचवलेले निम्मे उपाय कायद्यातच बसणार नाहीत.

आणि अधिकार काढूनही घेतले जातात. जकात घ्या. बेल्जियमने १८६० मध्ये बंद केली, फ्रान्सने १९४३ मध्ये, मुंबईत जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर संपली. जकात वाईटच होती, नाक्यांवर गाड्या अडायच्या, भ्रष्टाचार व्हायचा, गेली ते चांगलं झालं. पण बेल्जियममध्ये आणि मुंबईत तिच्या जागी वरून मिळणारा वाटा आला. रोजच्या रोज स्वतः गोळा होणारा पैसा गेला आणि हप्त्याची वाट बघणं आलं.

गरिबांबद्दलही लिहा. ब्रिटनने १९९० च्या सुमारास दर माणशी कर आणला, स्कॉटलंडमध्ये एक वर्ष आधी. मोठ्या घरात राहणारा आणि खोलीत राहणारा, दोघांना सारखाच. लंडनमध्ये दंगल झाली, १९९३ मध्ये तो रद्दच करावा लागला. आणि फेरीवाले, हातगाडीवाले, आठवडी बाजारात बसणाऱ्या बायका यांच्याकडून रोजची चिटकूर वसुली करायला जी माणसं लावतात त्यांच्या पगारातच ती वसुली जिरते, उरतो फक्त त्रास. असे बारीकसारीक शुल्क एकदा मोजून बघा आणि जे खर्चही भरून काढत नाहीत ते बंद करा.

शेवटी, सगळ्यांनी सगळं नीट केलं तरी गरीब भागातल्या संस्थेकडे कर लावण्यासारखं फारसं असतच नाही. तिला अनुदान लागणारच. प्रश्न एवढाच की ते अनुदान ठरलेल्या सूत्राने यावं, आणि स्वतःची वसुली वाढवली म्हणून पुढच्या वर्षी कापलं जाऊ नये. ते कापलं गेलं तर कष्ट कोण करेल?

जुनी नोंदवही:
पायवाट यांनी फार बरोबर लिहिलंय. कर्जरोख्यांचं राहिलं म्हणून परत आलो. रोखे म्हणजे उत्पन्न नाही, उद्याचं उत्पन्न आज उचलणं. अहमदाबादने १९९८ मध्ये राज्य सरकारच्या हमीशिवाय १०० कोटींचे रोखे काढले, ते शक्य झालं कारण त्याआधी काही वर्षं त्यांनी जकात आणि मालमत्ता कराची वसुली सुधारली होती आणि त्याच जकातीचं उत्पन्न परतफेडीसाठी बाजूला बांधून दिलं होतं. घरात पैसा येतोय हे दिसलं म्हणून लोकांनी उधार दिलं. क्रम उलटा करू नका.

आणि जमाखर्च, टिपणात थकबाकीबद्दल एक वाक्य घाला. थकबाकीचा मोठा आकडा बघून भुलू नका. त्यात पाडलेली घरं असतात, एकाच घराच्या दोन नोंदी असतात, कोर्टात अडकलेल्या असतात, सरकारी इमारतींच्या असतात. आधी ती यादी साफ करा, मग जी खरी आणि मोठी आहेत त्यांपैकी वरच्या १०० थकबाकीदारांकडे आधी जा. माझ्या अनुभवात बहुतेक पैसा तिथेच असतो, आणि खात्यातला कोणीच तिकडे जायला तयार नसतो.

जमाखर्च:
हे वरच्या १०० चं आम्ही लगेच धरतोय. पहिली पायरी म्हणून टिपणासोबत एक साधा अर्जाचा नमुना देणार, ज्यात नागरिकाला आपल्या स्थानिक संस्थेला पाच आकडे विचारता येतील. नोंदलेल्या मालमत्ता किती, शेवटचं फेरमूल्यांकन कधी, मागणी किती, वसुली किती, आणि थकबाकीतली वरच्या १०० जणांची रक्कम किती. मसुदा परवापर्यंत इथेच टाकतो, नोंदवहीसाहेब, तुम्ही शब्द तपासून द्याल ना?

जुनी नोंदवही:
देतो की. सहावा आकडाही घाला, सरकारी कार्यालयांकडे किती थकलंय तो. तो वेगळा मागितला नाही तर मिळत नाही.